कुत्र्या-मांजरांचा आरोग्य विमा: पॉलिसी नेमकी वाचायची कशी?

परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय १८८३ सालचं. जुने मुंबईकर त्याला अजूनही बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात. लालबाग-परळच्या चाळींतून पिशवीत मांजर घालून किंवा टॅक्सीवाल्याला विनवून कुत्रा घेऊन तिथे जाणाऱ्यांच्या कित्येक पिढ्या झाल्या. २०२४ मध्ये महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं मोठं रुग्णालय सुरू झालं. उपनगरांतही आता सोनोग्राफी, रक्ताच्या सगळ्या तपासण्या आणि मोडलेल्या हाडाला प्लेट बसवण्याची सोय असलेले दवाखाने आहेत. एके काळी "आता काही करता येणार नाही" असं ज्या आजाराबद्दल सांगितलं जायचं, त्याच्यावर आज उपचार होतात.

उपचार आले तसा खर्चही आला. माणूस आजारी पडला आणि खिसा रिकामा असला, तर केईएम, सायन, नायर आहेत. प्राण्यांसाठी तसं सरकारी जाळं शहरात जवळपास नाहीच. परळसारख्या धर्मादाय ठिकाणी दर कमी असतात, पण गर्दी फार. म्हणून रात्री अकरा वाजता कुत्र्याचं पोट फुगतं तेव्हा आपण घराजवळच्या खाजगी दवाखान्यात धावतो, आणि डॉक्टर सांगतात, "आत्ता ऑपरेशन करावं लागेल, एवढे भरा." त्या क्षणी उपचार करायचे की नाही हे पैशांवर ठरू नये, एवढ्यासाठी विमा काढायचा. लस, जंताचं औषध, आंघोळ, नखं कापणं या नेमाने येणाऱ्या खर्चांसाठी तो नसतो, आणि ते खर्च तो सहसा देतही नाही. इथे गैरसमज झाला की पुढे सगळा मनस्ताप होतो.

भारतात हा विमा सर्वसाधारण विमा कंपन्या विकतात. न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्ससारख्या सरकारी कंपनीकडे कुत्र्यांसाठी पॉलिसी आहे, बजाजने २०२० मध्ये आणली, त्यानंतर आणखी काही खाजगी कंपन्या आल्या. मांजरांसाठीच्या पॉलिसी नंतर आल्या आणि आजही कमीच आहेत. कुत्र्यांमध्ये मात्र परदेशी जातींबरोबर आपल्या देशी कुत्र्यांचाही विमा निघतो. रस्त्यावरून उचलून घरी आणलेलं पिल्लू असलं तरी चालतं. फक्त तुम्ही त्याचे मालक असल्याचं कागदावर दिसायला हवं. मुंबईत त्याचा सोपा मार्ग म्हणजे महापालिकेचा श्वान परवाना. तो ऑनलाइन काढता येतो, दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी रेबीजची लस दिल्याचा दाखला लागतो. बिल्डिंगखालच्या कुत्र्यांवर कितीही माया असली, तरी त्यांचा विमा असा काढता येत नाही, कारण कागदावर त्यांना मालक नसतो.

गावाकडे गाई-म्हशींचा विमा कित्येक वर्षं निघतोय. कानात बिल्ला मारलेला असतो, आणि बिल्ला नसेल तर दावा नाही, हा नियम शेतकऱ्याला तोंडपाठ असतो. तो विमा मुख्यतः जनावर दगावल्यावर त्याची किंमत देतो. आपल्याकडे कुत्र्यांच्या जुन्या पॉलिसीही बऱ्याचशा त्याच वळणाच्या होत्या: कुत्रा मेला तर ठरलेली रक्कम. आताच्या पॉलिसींमध्ये ऑपरेशन आणि दवाखान्यात भरती हा गाभा असतो, आणि मृत्यू, चोरी किंवा हरवणं, ओपीडी, गंभीर आजार, दुसऱ्याला झालेली इजा हे भाग कधी आत, कधी वेगळे पैसे भरून जोडायचे. त्यामुळे "पेट इन्शुरन्स काढलाय" एवढ्यावरून काहीच कळत नाही. कोणते भाग घेतलेत हे पाहावं लागतं. फक्त मृत्यूची रक्कम देणारी पॉलिसी घेऊन उपचारांच्या बिलाची वाट पाहणारी माणसं मला भेटली आहेत, आणि त्यांचा चेहरा पाहवत नाही.

आणखी एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. कायद्याच्या नजरेत प्राणी ही मालकाची मालमत्ता असते. आपल्यासाठी तो घरातला लेक असतो, पण पॉलिसीत तो तसा नसतो. म्हणून माणसांच्या आरोग्य विम्यात जी संरक्षणं आपल्याला ठाऊक आहेत, म्हणजे ठरावीक वर्षांनंतर जुने आजार विम्यात येणं, एका कंपनीकडून दुसरीकडे पोर्ट करताना जुना काळ धरला जाणं, ती इथे आहेतच असं समजू नका. प्राप्तिकरात आरोग्य विम्याच्या हप्त्याची जी वजावट मिळते, तीही प्राण्यांच्या हप्त्यावर मिळत नाही. ती स्वतः, जोडीदार, मुलं आणि आई-वडील यांच्यासाठी आहे.

आता पैशाचं गणित. विमा रक्कम, म्हणजे सम इन्शुअर्ड, हा वर्षभरात मिळू शकणाऱ्या पैशांचा कमाल आकडा. तो मोठा दिसला म्हणून भुलू नका. समजा ऑपरेशन आणि भरतीचं मिळून बिल ६०,००० रुपये झालं. त्यात ६,००० रुपये खास खाणं, टॉनिक आणि जंताच्या औषधाचे. ते वगळले जातात. उरले ५४,०००. पॉलिसीत ४,००० रुपयांचं डिडक्टिबल आहे, म्हणजे प्रत्येक दाव्यात पहिले ४,००० तुमचे. उरले ५०,०००. को-पे, म्हणजे उरलेल्या रकमेतला तुमचा ठरलेला वाटा, २० टक्के असेल तर त्यातले १०,००० तुमचे. हातात आले ४०,०००. खिशातून गेले २०,०००. आणि पॉलिसीत "आजारपणासाठी कमाल ३०,०००" अशी सब-लिमिट कुठेतरी लिहिलेली असेल, तर मिळणार तीसच हजार, मग विमा रक्कम एक लाख का असेना. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत, पण हिशेब चालतो तो याच क्रमाने. आपल्या पॉलिसीतले चार आकडे शोधा आणि असंच एक काल्पनिक बिल मांडून बघा. माहितीपत्रक दहा वेळा वाचण्यापेक्षा याने जास्त उलगडा होतो.

शिवाय हे पैसे बहुतेक वेळा नंतर मिळतात. माणसांच्या हॉस्पिटलसारखं कॅशलेसचं कार्ड दाखवून सुटता येईल असे प्राण्यांचे दवाखाने फार थोडे. आधी तुम्ही भरायचं, मग बिलं पाठवायची, मग कंपनी परत देणार. म्हणजे विमा असूनही अडीअडचणीला हाताशी रोख किंवा कार्डावर मर्यादा शिल्लक लागतेच. एजंट हे सहसा आपणहून सांगत नाही, म्हणून मी मुद्दाम सांगतोय.

दावे सर्वात जास्त अडतात ते दोन कलमांवर: प्रतीक्षा कालावधी आणि आधीपासूनचे आजार. पॉलिसी सुरू झाल्यावर पहिले काही दिवस, काही आजारांसाठी काही आठवडे, दावा करता येत नाही. हा प्रतीक्षा कालावधी. अपघाताला तो सहसा कमी असतो किंवा नसतोच. आणि पॉलिसी सुरू होण्याआधी जो आजार होता, मग तो ओळखला गेलेला असो वा नसो, त्याचे पैसे मिळत नाहीत. यात कंपनीचा दुष्टपणा नाही. कुत्रा आजारी पडल्यावर विमा काढता आला, तर सगळे तेव्हाच काढतील आणि हप्त्यांचा तो सामाईक पैसा एका महिन्यात संपेल.

पण मुंबईत हे कलम कुठे बोचतं पाहा. गोचीड. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दमटपणात बागेत, कंपाउंडच्या गवतात, अगदी लिफ्टच्या चटईवरूनसुद्धा गोचीड घरात येते, आणि तिच्यामुळे होणारा ताप इथे फार सर्रास आहे. त्यातला एर्लिकियाचा संसर्ग असा, की सुरुवातीचा ताप येऊन जातो, कुत्रा बरा वाटतो आणि जंतू अंगात महिनोन्‌महिने दबून राहतात. मग एके दिवशी नाकातून रक्त येतं, प्लेटलेट्स कोसळलेल्या असतात. पॉलिसी चार महिन्यांची असेल तर कंपनी विचारू शकते, हा आजार आधीचा नव्हता कशावरून? याला उत्तर एकच: पॉलिसी घेण्याच्या सुमारास केलेली रक्ततपासणी. सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, आणि शक्य असेल तर गोचीड तापाची तपासणी करून तो रिपोर्ट फाईलला लावून ठेवा. थोडक्या पैशांत होतं, आणि वादाच्या वेळी तुमच्या बाजूने बोलणारा कागद हाती राहतो.

दुसरं, लेप्टोस्पायरोसिस. २००५ च्या २६ जुलैच्या पुरानंतर हा आजार मुंबईकरांना नावाने माहीत झाला. उंदरांच्या मुतातले जंतू साचलेल्या पाण्यातून अंगात जातात. कुत्र्यांची मूत्रपिंडं आणि यकृत त्यात निकामी होतात, आणि आजारी कुत्र्याकडून घरातल्या माणसांनाही तो होऊ शकतो. कुत्र्यांसाठी लस आहे, ती दर वर्षी द्यावी लागते. आता पॉलिसीतलं वाक्य असं असतं: लसीने टाळता येणारे आजार, लस वेळेवर दिलेली नसल्यास, विम्यात नाहीत. डिस्टेंपर, पार्व्हो, हेपॅटायटीस, रेबीज, लेप्टो, सगळे त्यात येतात. "वेळेवर" या शब्दाकडे नीट बघा. लस मे महिन्यात द्यायची होती, गावाला गेलो म्हणून राहिली, जुलैत गुडघाभर पाण्यातून फिरवून आणलं आणि ऑगस्टमध्ये लेप्टो झाला, तर वर्षभर हप्ता भरूनही हात रिकामे. मुंबईत कुत्रा पाळणाऱ्याने लेप्टोची लस पावसाळ्याआधी द्यावी. विमा नसला तरी द्यावी, ही माझी कळकळीची विनंती आहे.

तिसरं कलम आनुवंशिक आणि जन्मजात दोषांचं. ते बऱ्याच पॉलिसींमध्ये वगळलेले असतात, आणि याची झळ जातीप्रमाणे बदलते. लॅब्रॅडॉर आणि जर्मन शेफर्डमध्ये खुब्याच्या सांध्याचा दोष बऱ्यापैकी आढळतो. पग आणि शित्झूचं नाक चपटं, त्यांना श्वासाचा त्रास, मुंबईच्या उकाड्यात तर जास्तच. पर्शियन मांजरांत मूत्रपिंडात गाठी होण्याचा आनुवंशिक आजार असतो. म्हणजे ज्या आजारासाठी या जातीच्या मालकाला विम्याची सगळ्यात जास्त गरज, तोच बाहेर राहू शकतो. म्हणून एजंटला "काय काय कव्हर होतं?" असा मोघम प्रश्न विचारू नका. "माझा पग आहे, श्वासाच्या ऑपरेशनचे पैसे मिळतील का?" असं विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या. तोंडी उत्तराला दाव्याच्या वेळी किंमत नसते. देशी कुत्र्यांमध्ये असे वारशाने आलेले दोष कमी दिसतात; त्यांच्यासाठी हे कलम फारसं अडचणीचं ठरत नाही.

बाकीची वगळलेली यादी झटकन सांगतो. गाभण राहणं आणि वीण, नसबंदी, दातांची सफाई, शेपूट किंवा कान कापणं, वागणुकीचे प्रश्न, निष्काळजीपणाने झालेली इजा. नसबंदीचे पैसे विमा देत नाही, पण मादीची नसबंदी न केल्यास उतारवयात गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो, आणि ते ऑपरेशन तातडीचं आणि महाग असतं. ते आपल्या पॉलिसीत आत आहे की प्रजननाशी संबंधित म्हणून बाहेर, हे मात्र विचारून घ्या.

दावा मंजूर होणं हे बरंचसं केसपेपरवर अवलंबून असतं. आपले डॉक्टर घाईत असतात, एका चिठ्ठीवर दोन औषधं लिहून देतात, बिल कच्चं असतं, कधी बिलच नसतं. "आपले डॉक्टर आहेत, कागद कशाला मागायचे" हा संकोच मी समजू शकतो. तरी मागा. प्रत्येक भेटीच्या कागदावर तारीख, प्राण्याचं नाव, वय, जात, निदान, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक हवा. दवाखान्याचं पक्कं बिल, औषधांचं वेगळं बिल, रिपोर्ट, एक्स-रे, सगळं एका फाईलमध्ये लावा आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवा. पावसाळ्यात मुंबईच्या कपाटांतले कागद कसे होतात ते आपण जाणतो. आणि डॉक्टरांना त्रास कधीपासून आहे हे खरं सांगा. विम्यासाठी तारीख पुढे ढकलून सांगितली, तर निदान चुकू शकतं. त्याची किंमत आपल्याला नव्हे, त्या मुक्या जिवाला मोजावी लागते.

ओळख पटवणं हा दुसरा भाग. दोन काळे लॅब्रॅडॉर शेजारी उभे केले तर कंपनीला फरक कसा कळणार? म्हणून चारही बाजूंनी फोटो, अंगावरच्या खुणा आणि शक्यतो मायक्रोचिप. तांदळाच्या दाण्याएवढी चिप दोन खांद्यांच्या मधल्या कातडीखाली इंजेक्शनने बसवतात आणि स्कॅनर फिरवला की पंधरा आकडी क्रमांक दिसतो. गाईच्या बिल्ल्याचं काम ती करते. काही कंपन्या चिप असल्यास हप्त्यात सूटही देतात. मृत्यूचा भाग घेतला असेल, तर आणखी एक गोष्ट दुःखातही लक्षात ठेवावी लागते: कंपनीला कळवल्याशिवाय आणि डॉक्टरांचा दाखला घेतल्याशिवाय अंत्यविधी करू नका. मालाडला महापालिकेची प्राण्यांसाठी दहनाची सोय आहे. घाईने तिकडे जाण्याआधी एक फोन करा, शवविच्छेदन लागेल का ते विचारा. एकदा दहन झालं की पुरावा राहत नाही.

दुसऱ्याला झालेल्या इजेचा, म्हणजे थर्ड पार्टीचा भाग मुंबईत मला महत्त्वाचा वाटतो. लहान लिफ्ट, अरुंद जिना, दिवाळीच्या फटाक्यांनी बिथरलेला कुत्रा आणि समोरून धावत येणारं मूल. चावा बसला तर उपचारांचा खर्च आणि भरपाईची मागणी तुमच्यावर येते. या भागातून ती ठरलेल्या मर्यादेपर्यंत भागते. घरातली माणसं आणि घरी कामाला येणारी माणसं यांना चावल्यास ते सहसा धरत नाहीत, आणि फौजदारी दंड तर विमा कधीच भरत नाही. प्राण्याच्या बाबतीत हलगर्जी केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणजे पट्टा हातात घट्टच हवा, पॉलिसी असो वा नसो.

दावा नाकारला तर आधी नकार लेखी मागा आणि कोणत्या कलमाखाली नाकारला ते लिहून घ्या. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार करा; सोबत आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेच्या बीमा भरोसा पोर्टलवर नोंदवता येते. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबईचं कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला एस. व्ही. रोडवर आहे. फी नाही, वकीलही लागत नाही.

मग काढायचा की नाही? पिल्लू घरी आलंय, दोन-तीन महिन्यांचं आहे, लसी सुरू आहेत, तर माझं मत स्पष्ट आहे: काढा, आणि लगेच काढा. या वयात आधीचा आजार म्हणण्यासारखं काही नसतं, हप्ता कमी असतो आणि बहुतेक पॉलिसी याच वयापासून घेतात. ऑपरेशन आणि भरती घ्या, थर्ड पार्टी घ्या. ओपीडीचा भाग घेण्याआधी त्याचा जादा हप्ता आणि त्यातून वर्षाला मिळणारी कमाल रक्कम शेजारी लिहून पाहा. दोन आकडे जवळजवळ असतील तर सोडून द्या. आणि नूतनीकरणाबद्दल एक प्रश्न नक्की विचारा: यंदा मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार निघाला, तर पुढच्या वर्षी तो धरला जाईल की आधीचा आजार म्हणून बाजूला काढाल? लांबणाऱ्या आजारांत पॉलिसीची सगळी किंमत या उत्तरात असते.

कुत्रा सात-आठ वर्षांचा झाला असेल तर नवी पॉलिसी मिळणं कठीण होतं, काही पॉलिसी तर दहाच्या आसपास संपतातच. मोठ्या हाडापेराच्या जातींसाठी ही मर्यादा आणखी अलीकडे येते. अशा वेळी आणि पॉलिसी न मिळालेल्या मांजरांसाठी मी बँकेत त्या प्राण्याच्या नावाने मनात ठरवून आरडी उघडायला सांगतो. महिन्याला १,५०० रुपये टाकले तर वर्षाला १८,००० होतात, तीन वर्षांत ५४,००० आणि वर व्याज. यात कलमं नाहीत, प्रतीक्षा नाही, दातांच्या सफाईलाही ते पैसे चालतात. कमतरता एवढीच, की दुसऱ्याच महिन्यात मांजर सहाव्या मजल्याच्या खिडकीतून पडलं तर आरडीत फक्त तीन हजार असतात. उंच इमारतीत मांजर पाळणाऱ्यांनी म्हणून पहिल्या महिन्याचे पैसे आरडीत न टाकता खिडक्यांना जाळी लावण्यासाठी वापरावेत.